एव्हरेस्ट अवघड की के-टू? आधी परतीची वाट बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकतीस, दहा वर्षं सह्याद्रीत भटकंती, लिंगाणा आणि वजीर हे सुळके दोर लावून केलेले, हिमालयात दोन ट्रेक, त्यातल्या एकात साडेपाच हजार मीटरची खिंड. आता पाच-सहा वर्षांत एखादं आठ हजारी, म्हणजे आठ हजार मीटरहून उंच, शिखर करायचं मनात आहे. "एव्हरेस्ट हल्ली पैसे भरले की होतं म्हणतात. मग खरं अवघड कोणतं, के-टू, अन्नपूर्णा की आणखी काही? तयारी कशाची करू?"

आधी माझी बाजू सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यावर कुठे किती विसंबायचं ते तुम्हाला कळेल. सव्वीस वर्षं डोंगरात आहे, त्यातली पंधरा शिकवण्यात गेली. गढवाल आणि लडाखमधली सहा-सात हजारी शिखरं बरीच केली, बऱ्याच ठिकाणांहून परतही आलो. आठ हजारी दोनच: मनासलू आणि दक्षिणेकडून एव्हरेस्ट, दोन्ही कृत्रिम ऑक्सिजन लावून. के-टू मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. त्याबद्दल जे लिहितो ते तिथे गेलेल्या लोकांशी बोलून आणि मोहिमांचे अहवाल वाचून.

तुमच्या प्रश्नात "अवघड" हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी आलाय. हवा किती विरळ, चढाई तांत्रिकदृष्ट्या किती कठीण, तुमची काहीही चूक नसताना डोंगर तुमच्या अंगावर काय टाकू शकतो, आणि हवामान बिघडलं तर मदत किती लांब. ही चारही मापं एकाच डोंगरावर सारखी भरत नाहीत. त्यात मार्ग, मोसम आणि मोहिमेची पद्धत बदलली की तोच डोंगर वेगळा होतो. अन्नपूर्णेचा उत्तरेकडचा मार्ग आणि तिची दक्षिण भिंत ही नावाला एक शिखर आहेत, चढणाऱ्याला दोन. म्हणून "पहिला नंबर कुणाचा" याचं सरळ उत्तर कुणी दिलं तर त्याच्याकडे जरा संशयाने बघा.

मी स्वतः डोंगर मोजतो तो पाचव्या मापाने: कुठपर्यंत गेल्यावर सुखरूप परत फिरता येतं? चढाई किती कठीण आहे यापेक्षा माघार किती महाग आहे, यावरून मला त्या डोंगराची खरी ओळख पटते.

हे माप मला सतोपंथने शिकवलं. गढवालमधलं ७,०७५ मीटरचं शिखर. त्यावर साधारण सहा हजार मीटरच्या आसपास एक सुरीसारखी धार आहे, दोन्ही बाजूंना सरळ उतार. चढताना पहाटे ती पार केली तेव्हा बर्फ कडक होता, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचे, दात खटाखट बसत होते. पंचेचाळीस मिनिटांत पलीकडे. पुढे समिटच्या दिवशी दोनेकशे मीटर उरले असताना पश्चिमेकडून ढग चढायला लागले आणि आम्ही फिरलो. कॅम्प गुंडाळून धारेवर पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सकाळचा तो कडक बर्फ उन्हाने साखरेसारखा सुटा झालेला. पाय ठेवला की पायरीच खाली सरकायची. दोर आधी ओला झाला, मग सावलीत गेल्यावर गोठला. त्यावर जुमार, म्हणजे दोराला धरून ठेवणारी दातेरी कडी, पकडच घेईना, कारण त्याच्या दातांत बर्फ भरला होता. हातमोजा काढून अंगठ्याच्या नखाने एकेक दात उकरायचा, जुमार बसवायचा, चार पावलं जायचं, पुन्हा उकरायचं. पंचेचाळीस मिनिटांच्या जागी अडीच तास लागले. अंगठ्याच्या टोकाला अजूनही थंडीत मुंग्या येतात. धार तीच होती, माणसंही तीच. उलट्या दिशेने आणि चुकीच्या वेळी भेटली, एवढाच काय तो फरक.

आता या मापाने मोठी शिखरं बघू.

एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. दक्षिणेकडचा मार्ग तांत्रिकदृष्ट्या आठ हजारींमध्ये मध्यम म्हणावा असा. खुंबूचा हिमप्रपात हा सुरुवातीचाच टप्पा सगळ्यात बेभरवशाचा आहे. ती बर्फाची नदी दिवसाला साधारण एक मीटर पुढे सरकते, म्हणजे काल जिथे शिडी टाकली तिथला हिमभेग आज रुंद झालेला असू शकतो. १८ एप्रिल २०१४ ला तिथे वरून हिमकडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. सगळे तयारीचे, अनुभवी लोक. त्यानंतर शेजारच्या ल्होत्से शिखराची भिंत येते, निळसर कडक बर्फाची. तिथे पिंढऱ्या भरून येतात, पण दोर वरपासून खालपर्यंत बांधलेला असतो.

"पैसे भरले की होतं" हे अर्धं खरं आहे. पैशाने दोर बांधलेला मिळतो, सामान वर जातं, सोबत शेर्पा मिळतो, हवामानाचा अंदाज मिळतो, ऑक्सिजन मिळतो. उतरताना लागणारे पाय पैशाने मिळत नाहीत. ऑक्सिजनचं गणितच घ्या. चार लिटरची बाटली तीनशे बार दाबाने भरली की साधारण बाराशे लिटर वायू हातात येतो. मिनिटाला दोन लिटर सोडला तर दहा तास, चार लिटर सोडला तर पाच. साउथ कोल या खिंडीतल्या शेवटच्या कॅम्पवरून, म्हणजे ७,९०० मीटरवरून, निघून माथा गाठायला आठ ते बारा तास लागतात आणि मग उतरायचं असतं. २०१९ च्या मे महिन्यातला माथ्याखालच्या रांगेचा फोटो तुम्ही पाहिला असेल. त्या रांगेत जो दोन तास उभा राहतो तो एक पाऊलही न चढता परतीचा ऑक्सिजन वापरत असतो. मी त्या वाटेवरच्या बाल्कनी नावाच्या टप्प्यापाशी, ८,४०० मीटरच्या आसपास, बाटली बदलली. खाली टेंटमध्ये सराव केला तेव्हा वीस सेकंदांत व्हायचं. तिथे जाड मोजे घालून रेग्युलेटरचे आटे जुळेनात, शेवटी माझ्या शेर्पा सोबत्याने माझे हात बाजूला करून स्वतः लावलं. मी त्याच्याकडे बघत बसलो होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं, घाई नाही, भीती नाही. विरळ हवा अशी काम करते.

तरीही माघारीच्या मापात एव्हरेस्टला मी सौम्य म्हणतो. हिमप्रपात सोडला तर जवळजवळ कुठूनही वळून दोर धरून खाली येता येतं. खाली माणसं आहेत, तंबू आहेत, हवामान बरं असेल तर कॅम्प दोनपर्यंत हेलिकॉप्टरही येतं. लोक तिथे अडकतात ते बहुतेक वेळा वळायची वेळ टळून गेल्यावरही चालत राहिल्यामुळे.

के-टू एव्हरेस्टपेक्षा साधारण २३८ मीटरने कमी, ८,६११. पण ते आठेक अंश उत्तरेला आहे, त्यामुळे हवामानाच्या उघडिपी कमी आणि आखूड. अब्रुझी सोंडेवर, म्हणजे तिथल्या नेहमीच्या मार्गावर, चढण जवळपास पहिल्यापासून उभीच. हाउसची चिमणी नावाची कातळातली उभी फट, मग ब्लॅक पिरॅमिडचा कातळ-बर्फ मिसळलेला टप्पा. हे सगळं सह्याद्रीतल्या कातळावर वाढलेल्या माणसाला ऐकायला ओळखीचं वाटेल, पण तिथे ते जाड बूट आणि क्रॅम्पॉन घालून, दगड पडत असताना करायचं असतं. खरी गोम त्याहून वर आहे. साधारण ८,२०० मीटरवर बॉटलनेक नावाची उभी, अरुंद घळ आहे आणि तिच्या डोक्यावर प्रचंड हिमकडा लोंबतोय. वर जाताना त्याच्याखालून जायचं, येतानाही त्याच्याखालूनच, दुसरी वाट नाही. १ ऑगस्ट २००८ ला माथा गाठून लोक उतरत असताना त्या कड्याचा तुकडा सुटला आणि बांधलेले दोर घेऊन गेला. वरचे लोक अंधारात दोराशिवाय राहिले. त्या दोन दिवसांत तिथे एकूण अकरा जण गेले. चढताना जी घळ दोर धरून पार केली, तीच उतरताना बिनदोराची झाली. ही महाग माघार.

तरी के-टूचंही चित्र बदलतंय. १६ जानेवारी २०२१ ला दहा नेपाळी गिर्यारोहकांनी ते पहिल्यांदा हिवाळ्यात चढलं, आणि २०२२ च्या जुलैमध्ये एका दिवसात शंभराहून जास्त लोक माथ्यावर होते. सोय झाली की डोंगर तेवढ्यापुरता सोपा होतो. हिमकडा मात्र अजून तिथेच आहे.

बाकी तुमच्यासाठी के-टूचा प्रश्न निराळ्याच कारणाने मिटतो. ते पाकिस्तानच्या बाजूने चढतात आणि भारतीय पासपोर्टवर तिथे चढाईला जाणं आज व्यवहारात बंदच आहे. नंगा पर्वतचंही तेच. तो डोंगर एरवी या चर्चेत सगळ्यात वर असायला हवा होता: ८,१२६ मीटर, रूपाल बाजूची भिंत साडेचार हजार मीटरहून उंच, पहिली चढाई होण्याआधीच ३१ बळी. १९५३ च्या ३ जुलैला हर्मन बूल एकटा, ऑक्सिजनशिवाय माथ्यावर गेला आणि उतरताना रात्र झाली म्हणून एका अरुंद कपारीवर ती उभ्याने काढली. मला त्याच्या चढाईपेक्षा त्या उभ्या रात्रीचं जास्त नवल वाटतं.

अन्नपूर्णा, ८,०९१. आठ हजारींमध्ये माणसाने सगळ्यात आधी चढलेलं शिखर, ३ जून १९५०. आणि बराच काळ सगळ्यात घातकही तेच: दर तीन यशस्वी चढायांमागे जवळजवळ एक मृत्यू, असं तिचं प्रमाण होतं. अलीकडे संघटित मोहिमा वाढल्या आणि ते बरंच खाली आलं. टक्केवारीची गंमत अशी की चढणारे वाढले की ती घसरते, उतारावरचा बर्फ आहे तसाच राहतो. उत्तर बाजूला कॅम्प दोनच्या वरचा टप्पा हिमस्खलनाच्या तोंडात आहे. तिथे कौशल्याचा उपयोग एवढाच की तुम्ही तो टप्पा लवकर पार करता. एव्हरेस्टवर शहाणपणाला जितकं मोल आहे तितकं इथे नाही, आणि हे शिकाऊ माणसाला सांगून पटत नाही.

कांचनजंगा, ८,५८६, हे मला फार आवडणारं शिखर, लांबून. त्याची अडचण लांबी. शेवटचा कॅम्प खालीच राहतो, त्यामुळे समिटच्या एका दिवसात हजार-बाराशे मीटर चढून पुन्हा तेवढंच उतरायचं असतं. माथ्याखाली कातळातून आडवं जायचं आहे, आणि आडवा टप्पा दमलेल्या माणसाला उतरताना जास्त छळतो कारण तिथे घसरून खाली जाण्याची सोयच नसते. २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचे दहा जण एकाच मोहिमेत तिथे पोचले आणि सगळे परत आले. मोठ्या संघाला उतरवून आणण्यात काय जातं हे ज्यांना माहीत आहे त्यांना या आकड्याची किंमत कळेल. सिक्कीमच्या बाजूने शिखर बंद आहे, नेपाळकडून जावं लागतं. आणि १९५५ च्या पहिल्या चढाईपासून रीत अशी की माथ्याच्या काही पावलं आधी थांबायचं, तो भाग देवाचा.

उंचीचा हिशोब सोडून थोडं बाजूला जातो. आल्प्समधला आयगर ३,९६७ मीटर, म्हणजे तुमच्या खिंडीएवढाही नाही. पण त्याची उत्तर भिंत अठराशे मीटरची. १९३६ च्या जुलैमध्ये चार जण तिथे चढत होते. आंद्रेआस हिंटरश्टॉइसरने एक गुळगुळीत आडवा टप्पा दोराच्या ताणावर पार केला, बाकीचे त्या दोरावरून आले आणि त्यांनी दोर ओढून घेतला, पुढे लागेल म्हणून. मग एक जण जखमी झाला, हवामान फिरलं, माघार घ्यायची ठरली, आणि तो टप्पा तोवर बर्फाने मढला होता. उलटा पार होईना. चौघेही गेले. शेवटचा टोनी कुर्त्स बचाव करणाऱ्यांपासून काही मीटरवर लटकत होता. दोन दोर जोडलेली गाठ त्याच्या कॅराबिनरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या कडीतून, जाईना. मी शिकवताना हा प्रसंग प्रत्येक बॅचला सांगतो, मुलं गाठ नीट बघायला लागतात.

डेनाली, अलास्कातलं ६,१९० मीटर. आकडा फसवा. ध्रुवाजवळ हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे शरीराला ते आणखी उंच वाटतं. शिवाय तिथे हमाल नाही, शेर्पा नाही. विमान २,२०० मीटरवर हिमनदीवर सोडून जातं आणि पुढे तुमचं सामान तुमच्या पाठीवर आणि तुम्ही ओढत असलेल्या घसरगाडीवर. नेपाळमध्ये सवय लागलेल्या माणसाचा अहंकार तिथे दोन दिवसांत उतरतो. याउलट अकोन्काग्वा ६,९६१ मीटरचं असूनही नेहमीच्या वाटेने चालत होतं, फक्त वारा सोसायचा. आणि पॅटागोनियातला सेरो तोरे जेमतेम ३,१२८ मीटर, पण उभा ग्रॅनाइटचा खांब आणि टोकाला गोठलेल्या धुक्याचा छत्रीसारखा गोळा. मी तिथे खालूनच हात जोडेन.

उंचीला भुलू नका म्हणतो त्याचं घरचं उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का दांडा-२ वर हिमस्खलन झालं आणि दोन डझनांहून जास्त जण गेले, बहुतेक प्रशिक्षणार्थी. शिखराची उंची ५,६७० मीटर.

आता तुमच्याबद्दल. सह्याद्रीने तुम्हाला दोन गोष्टी फुकट दिल्या आहेत, दरीची सवय आणि घसाऱ्यावर पाय ठेवायची अक्कल. लिंगाण्यावर सुटा दगड हाताला आला की त्याच्यावर भार टाकायचा नाही, हे तुमच्या अंगात मुरलंय. पुष्कळ परदेशी पाहुण्यांच्या ते नसतं. जे सह्याद्री देऊ शकत नाही ते म्हणजे थंडी, विरळ हवा आणि सलग तीन आठवडे तंबूत वाट बघण्याचा कंटाळा. त्यासाठी उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा, साधारण महिनाभराचा, आणि त्यात 'ए' श्रेणी मिळवा, नाहीतर ॲडव्हान्सला घेत नाहीत. मग दोन सहा हजारी, त्यातलं एक तरी असं जिथे दोर तुम्ही स्वतः बांधाल. मग एक सात हजारी, नून, कून किंवा सतोपंथ. इथपर्यंत चार वर्षं सहज जातात.

पुढे पहिलं आठ हजारी म्हणून बहुतेक जण मनासलू निवडतात आणि माझंही मत तेच. ८,१६३ मीटर, चढण फार उभी नाही, माघार स्वस्त. निर्धोक मात्र म्हणू नका, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या कॅम्पवर हिमस्खलन होऊन अकरा जण गेले होते. जाल तेव्हा खरा माथा कुठला ते आधी समजून घ्या. वर्षानुवर्षं बरेच लोक अलीकडच्या टेकाडावरून फोटो काढून परतत होते, २०२१ नंतर त्यावर बरीच झाडाझडती झाली.

एव्हरेस्टचा खर्च तुम्ही विचारला नाहीत, पण सांगतो, कारण त्याचा माघारीशी संबंध आहे. नुसतं नेपाळचं परवाना शुल्क सप्टेंबर २०२५ पासून वसंतातल्या चढाईसाठी माणशी १५,००० डॉलर झालंय, बाकी सगळं त्यावर. आपल्याकडे मुलं कर्ज काढतात, गावाने वर्गणी काढलेली असते, निघायच्या आधी चौकात फ्लेक्स लागलेला असतो, आमदारांनी झेंडा देतानाचा फोटो त्यावर. असा फ्लेक्स पाठीवर घेऊन ८,६०० मीटरवर "आज नको" म्हणणं किती जड असतं ते मी माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत पाहिलंय. तो वळला, सुखरूप आला, आणि वर्षभर गावच्या जत्रेला गेला नाही. म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी सांगतो, फ्लेक्स परत आल्यावर लावा. आणि वळायची वेळ समिटच्या आदल्या संध्याकाळी ठरवून ती शेर्पाला सांगा, त्याच्यासमोर वहीत लिहा. "ही वेळ झाली की मी काहीही म्हणालो तरी मला खाली घेऊन चल," असं स्वतःच्या तोंडाने सांगा. वर गेल्यावर तुमचं डोकं तुमचं नसतं, हे मी बाल्कनीपाशी बघितलंय.

तेव्हा तयारी "एव्हरेस्टची की खऱ्या शिखराची" असा फाटा आत्ताच फोडू नका, पहिली चार वर्षं वाट एकच आहे. पुढचं नीट सांगायला मला तुमच्याबद्दल दोन गोष्टी हव्यात. दहा वर्षांत माथा दिसत असताना तुम्ही कधी परत फिरलात का, कुठून आणि कशामुळे? आणि त्या साडेपाच हजारांच्या खिंडीत पोचलात त्या रात्री झोप लागली होती का, डोकं दुखलं होतं का? तेवढं कळवा, म्हणजे बेसिकनंतर कुठलं सहा हजारी घ्यायचं ते सांगतो.